वच्छले, तुझ्या राकसाले मी तोंड पाडलं

वच्छले,

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळी मांडव सोडला, भांडी परत गेली. सारं गाव जेवलं, एक जावई तेवढा उपाशी गेला. हे आधी सांगतो, कारण मी कोणत्याही कार्यातून घरी आलो की तुझा पहिला सवाल हाच असे, कोण जेवलं अन् कोण राह्यलं.

मी तिसरी शिकलेला माणूस. गवंडीकामात सही करण्यापुरतं लिहिलं असन. पण तुझ्याशी बोलायची सवय मोडत नाही, अन् एकटा बोललो तर शेजारची म्हणते बुढ्याचं डोकं फिरलं. म्हणून वहीत लिहितो. तू चांगली होती, देवमाणूस होती, हे लिहिणार नाही. ते काल सारेच बोलून गेले, जे तुझ्या दारावरून तोंड फिरवून जात होते तेही. तू हट्टी होती. फटकळ होती. अन् तुझं माझं एक भांडण अर्धं राह्यलं. मेली म्हणून सोडून देईन असं समजू नको.

भांडण राकसाच्या तोंडाचं.

तू देऊळगाव राजाकडची. लग्न होऊन जानेफळच्या या बाजूले आली तेव्हा 'मला, तुम्हाला' बोलायची, अन् माझी माय हसायची, म्हणे पोरानं मास्तरीण आणली. दोघंही कुंभाराच्या घरचे. मी चाक सोडून थापी धरली, लोकं सिमिटाची घरं बांधून राह्यले होते. तू मात्र माती सोडली नाही. पोळ्याचे बैल केले, गुलाबाई केल्या, महालक्ष्म्यांचे मुखवटे केले. मुखवट्याचे डोळे लिहायची तेव्हा मले खोलीत येऊ देत नव्हती. म्हणायची, 'तुमच्या बिडीच्या वासानं देवीचा डोळा तिरपा होतो.'

मग गावातली ती नवी सून हुंड्याच्या मोटारसायकलीपायी जळाली, अन् त्या वर्षी तू गुलाबाई केलीच नाही. राकस केला. पोटाच्या जागी भंगारातली गाडीची टाकी, तोंडात काचेच्या बांगड्या कोंबलेल्या, अन् नेऊन ठेवला बाजाराच्या तोंडाशी. बाया बैल पाहाले आल्या अन् पदर तोंडावर घेऊन मागे सरल्या. एकीनं विचारलं, 'वच्छलाबाई, देव सोडून हे भुतं काऊन करता बाई?' तू म्हणली, 'देवाची तोंडं लई केली. आता ज्यांनी लेकी गिळल्या त्यांची करते.' पहिल्या पावसात तो विरघळून गेला, टाकी तेवढी उरली. दुसऱ्या वर्षी दुसरा केला, डोक्यावर लग्नाचा मांडव घेतलेला, हातात फ्रॉक घातलेली पोरगी. तोही विरघळला. तू एकही भाजला नाही. मी म्हणो, 'भाजत जा, टिकीन.' तू म्हणायची, 'राकस काय टिकवायचे असतात व्हय?'

चिखलीच्या कॉलेजातला तो चित्रकलेचा मास्तर आला, आठवते? तुझ्या मातीपुढं उकिडवा बसून राह्यला घंटाभर. मग तुले गाडीत घालून मोठ्या शहरात नेलं प्रदर्शनाले, सोबत मी, धुतलेल्या धोतरात. पांढऱ्या भिंती, वरून उजेड, अन् तुझा राकस मधात उभा, जसा नवरदेव. लोकं येत होते, मान हलवत होते. एक बाई तुले म्हणली, 'तुम्हाला हे सुचतं कसं हो?' तू म्हणली, 'मला एक लेक होती.' ती बाई समोशाच्या टेबलाकडं गेली. परत येताना गाडीत तू एकच गोष्ट बोलली. 'त्यांना वाटलं हा राकस दूरच्या गावाचा हाय.'

नंदाचं मी लिहिणार नव्हतो. पण ते न लिहिता पुढचं समजत नाही.

नंदाले पहिली पोरगी झाली, आरू. दुसऱ्या खेपेले चौथा महिना होता तेव्हा सासूनं तिले एका गाडीत बसवून नेलं. गाडीतच मशीन, गाडीतच डाक्टर. पुन्हा पोरगीच आहे म्हणे. त्यानंतर जे केलं ते घरात केलं. दोन दिवस रक्त जात राह्यलं तरी दवाखान्यात नेलं नाही, कारण दवाखान्यात विचारतात. आपल्याले निरोप आला तो तिले पाहाले या असा नाही, पोचवाले या असा. पोलीस आले. घरातल्या साऱ्याच्या तोंडून एकच निघालं, कावीळ होती. शेजारीही म्हणले कावीळ. कावीळ! त्या नवऱ्याच्या डोळ्यात मी पाह्यलं, तो माझ्या टोपीकडं पाहत होता. वर्षाच्या आत त्यानं दुसरी केली.

चार वर्षं तू नंदाचं काही केलं नाही. तिचं कराले बसली की मातीले हात लावून सोडून देत होती. मग यंदा संक्रांत झाल्यावर एकदम म्हणली, 'तळ्याचा गाळ आणा. अन् लीद आणा, घोड्याची, गाढवाची नको.' मी आणली. तू आठ दिवस माती तुडवली. गुडघे गेलेली बाई, भिंत धरून तुडवत होती. राकस उभा राह्यला कमरेएवढा. पोट रांजणासारखं, वर उलट्या मडक्यासारखं गुळगुळीत डोकं, अन् पोटाले चारी बाजूनं आवळून धरलेले हात. डोळे नाही, नाक नाही, तोंड नाही.

मी म्हणलं, 'तोंड काऊन नाही?'

'नाही करत.'

'जवायाचं कर. महालक्ष्मीचं जमते, त्याचं काय अवघड?'

'जमायचा सवाल नाही.'

'मग भेते काय त्याले?'

तू मातीचा हात माझ्या धोतराले पुसला. मुद्दाम. म्हणली, 'अवो, एकाला तोंड दिलं की बाकीचे सगळे घरी जाऊन निवांत जेवतात.'

'जेवू दे बाकीच्यायले. मले एकच पाह्यजे.'

'तुम्हाला एकच पाहिजे, म्हणूनच नाही करत.'

मी ताट सरकवून उठलो. आठ दिवस बोललो नाही तुझ्याशी. नवव्या दिवशी मीठ मागायच्या निमित्तानं बोललो, पण तोंडाचा विषय तू काढला नाही अन् मीही नाही. मले वाटलं पोळ्याआधी काढू. तू पोळ्यापर्यंत थांबली नाही.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी शेषराव येऊन बसला. माझा धाकटा भाऊ, पण तुझ्या दिराले तू ओळखते, कोणाचं मन मोडू नाही म्हणून साऱ्याची घरं मोडते. म्हणे, 'दादा, जवायाले फोन केला. तेरवीले येते म्हणे. आरूलेही आणते.'

'कोणाले इचारून केला बे?'

'रीत हाय दादा. लेक नसली तरी जवाई जवाईच राह्यते. पहिलं पान त्याचं.'

'पहिलं पान कुत्र्याले देईन.'

'लोकायसमोर असं बोलू नको.'

'लोकायसमोरच बोलीन. चार वर्षांत नात तीनदा दाखवली त्यानं. आता सासू मेल्यावर तोंड दाखवून चांगला ठराले येते.'

शेषराव टोपी झटकून गेला. मी मनात म्हणलं, येऊ दे. त्याचंच तोंड त्याच्यासमोर ठेवतो.

नंदाच्या लग्नातला फोटो काढला अन् तुझ्या उरलेल्या मातीचं तोंड करून पाह्यलं. हसू नको. नाक बरोबर जमलं, भुवया जमल्या, खालचा ओठ लोंबता होता तसा केला. दोन दिवस लागले. मग मातीचं पातळ चिकणं कालवून ते तुझ्या राकसाच्या डोक्याले चिकटवलं, चांगलं दाबून. तिसऱ्या दिवशी सकाळी कडेनं भेग. दुपारी तोंड खाली, तीन तुकडे. ओली माती सुकताना आकसते, सुकलेली आकसत नाही, हे कुंभाराच्या रांगत्या लेकरालेही माहीत. अन् मी भिंतीले गिलावा मारावा तसं तोंड मारलं! सिमिटानं माझी अक्कल खाल्ली. तू असती तर महिनाभर साऱ्या बायायले सांगितलं असतं.

पण माझा राग पडला नाही. तोंड नाही तर नाही, हा राकस पावसात विरू द्यायचा नाही एवढं ठरवलं. भाजायचा. जवायाच्या डोळ्यासमोर लाल, पक्का, वाजवला तर खणखण वाजणारा उभा करायचा.

शेषराव धावत आला. 'दादा, सुतकात भट्टी लावते काय? आपल्या कुळात चाकही फिरवत नाहीत तेरा दिवस.'

मी म्हणलं, 'नंदा गेली तेव्हा तेरा दिवस चाक थांबवलं होतं. त्यानं कोणाचं काय वाकडं झालं?'

तो उठला. मग स्वतःच जळणाले पऱ्हाट्यांचा भारा ओढून आणाले लागला. तुझा दीर तसा वाईट नाही.

भट्टीआधी मी राकसाले बोटानं ठोकून पाह्यलं. आतून पोकळ, अन् चारी बाजूनं बंद. एक भोक नाही. पोकळ वस्तू बंद भाजली की आतली हवा तापून ती फुटते, अन् शेजारचं सारं फोडते. हे तू विसरणारी बाई नाही. म्हणजे तू तो भाजायचाच नाही असं ठरवून बंद केला होता. मेल्यावरही तुझंच चालवायचं! नाही चालू देणार. भोक पाडायचं होतं, फक्त कुठं पाडावं हे पाहाले मी तो हळूहळू फिरवला.

तेव्हा हात नीट पाह्यले पहिल्यांदा. उभा होता तेव्हा निम्मे भिंतीकडं होते. सात हात. एकात पाटल्या, मधल्या बोटात जाड वळं, ती सासू. एकाचं मनगट घड्याळाचं, तो जावई. एकाले रबरी मोजा चढवलेला, कातडीवर सुरकुती मोज्याची, तो डाक्टर. एक हात पोलिसाच्या बाहीतला. दोन साधे, बांगडीचे, ते शेजारणींचे असतीन, कावीळ म्हणणाऱ्या. अन् सातवा, साऱ्यात खाली, पोटाले खालून रेटणारा. डाव्या हाताची करंगळी अर्धी.

माझी करंगळी वच्छले. स्लॅबच्या पाटीखाली गेलेली.

मी मातीत बसलो. मग उठून तुझ्या फोटोकडं गेलो अन् शिव्या देल्या. खऱ्या शिव्या, पोरं पळाले. जित्या बाईशी भांडता येते, मेलेलीशी कसं भांडावं? चार वर्षं तू एका ताटात जेवली माझ्यासोबत, माझी टोपी धुतली, अन् एकदाही बोलली नाही.

नंदा आली होती. त्या गाडीत नेऊन आणलं त्यानंतर, घरात जे करणार होते त्याच्या आधी. सकाळच्या जीपनं एकटी आली. ओसरीवर बसून म्हणली, 'बाबा, मला इथंच ठेवा. महिना दोन महिने.' तुझी बोली होती तिची. मी म्हणलं, 'नांदती बाई माहेरी बसली तर लोकं काय म्हणतीन. माय आहे ना तिथं तुह्या नवऱ्याची, ते पाहतीन.' तू चुलीपुढून उठून आली होती. काही बोलायच्या आत मी तिची पिशवी उचलली. मीच फाट्यावर नेली. मीच चिखलीच्या बसमध्ये बसवली, खिडकीची जागा पाहून देली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला होता, तो मले तेव्हा टाटा वाटला.

हे मी कोणाले सांगितलं नाही. तुले तर माहीतच होतं. म्हणून मले एकच तोंड पाह्यजे होतं काय? त्याचं तोंड लागलं की माझा हात कोणी पाहणार नाही म्हणून? तू ते ओळखलं होतं. तुझा मले राग आहे, अन् तूच बरोबर होती याचा त्याहून जास्त.

मग भोक पाडाची जागा सापडली. सायकलची तार घेतली, पाण्याचा थेंब थेंब सोडत डोक्यात बरोबर तोंडाच्या जागी फिरवत गेलो. दिवस गेला. आधी बारीक, मग चिंचोक्याएवढं, मग लेकराचं तोंड 'आ' करते तेवढं. डोळे नाही, नाक नाही, कोणाची ओळख नाही. नुसतं उघडं तोंड. पऱ्हाट्या, गोवऱ्या रचल्या अन् भट्टी लावली. साऱ्या आळीत धूर झाला. त्या तोंडातून वाफ निघाली ती मी पाह्यली. फुटला नाही.

तेरवीच्या सकाळी शेषरावानं अन् मी तो मांडवाच्या दारात ठेवला. लाल झाला होता, एका बाजूनं काळा. लोकं येत होते, पाहत होते, गप पंगतीत जाऊन बसत होते.

जावई आला. पांढरा सदरा, डोळ्यात पाणी तयारच. 'मामा, फार वाईट झालं. घरची आली नाही, तिला दिवस आहेत. आई म्हणली प्रवास नको.' मले फक्त 'दिवस आहेत' ऐकू आलं. मग त्याची नजर दारात गेली. 'हे काय ठेवलं मामा? शुभ नाही दिसत.'

त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. सारी पंगत बसलेली, चपला उतरवून मागचेही उभे. चार वर्षं मी त्याच घडीसाठी जगलो असन. तेवढ्यात आरू त्याच्या मागून निघाली अन् सरळ राकसासमोर जाऊन उभी राह्यली. नंदाचं कपाळ, नंदाचेच कान. नऊ वर्षांची झाली आता. तिनं तोंडात बोट घालून पाह्यलं अन् म्हणली, 'आबा, आजीनं केलं?'

मी म्हणलं, 'हाव. तोंड मी पाडलं.'

'कोण आहे हा?'

अन् तेव्हा मले समजलं तू तोंड काऊन नाही केलं. तू मले बाकीच्यायचं सांगितलं, ते खरंच होतं. पण तुले ही पोरगी दिसत होती, दारात उभी राहून राकसाले आपल्या बापाचं तोंड पाहणारी. हे तू मले सांगितलं असतं तर? नाही ऐकलं असतं मी. तू ओळखत होती.

मी खाली बसलो. आपला डावा हात त्या खालच्या हातावर ठेवला, करंगळीशी करंगळी. पंगत दिसत होती मले, मी आवाज कमी नाही केला. म्हणलं, 'हा माझा हात आहे, बाई. तुझी माय इथं आली होती, मले ठेवून घ्या म्हणे. मी तिले परत लावली. तिच्या पोटात तुझी बहीण होती.'

भात वाढणारा थांबला. आरूनं माझ्या बोटाकडं पाह्यलं, मातीच्या बोटाकडं पाह्यलं. मग वरच्या हातावर बोट ठेवलं. 'अन् हा घड्याळवाला?'

'ज्याचा आहे त्याले विचार. त्याले माहीत आहे.'

ती वळली. एकदम नाही, हळू, एकेकाचं मनगट पाहत. सारी पंगत पाहत होती. अन् जावई, वच्छले, जावयानं हात मागं घेतले होते, घड्याळ काढून खिशात टाकलं होतं. मी पाह्यलं. तिनंही पाह्यलं.

'पप्पा, तुमचं घड्याळ?'

'आरू, गाडीत बस.'

शेषराव पुढं झाला, सवयीनं. 'जवाईबापू, पान वाढलं आहे...'

'भूक नाही,' तो म्हणला, अन् पोरीचा दंड धरून गेला. पंगतीतून एकही माणूस त्याले थांबवाले उठला नाही. एका बाईनं तर खाकरून थुंकलं. एवढं झालं तरी माझं पोट भरलं नाही. खरं सांगतो. त्याले लाज वाटली असन तर ती घरी पोचेपर्यंत सुकन. उद्या तो म्हणन बुढा खवचट आहे, दुःखात बोलला.

तू म्हणशील, नऊ वर्षांच्या पोरीवर एवढं ओझं टाकलं. टाकलं. तू असती तर नसतं टाकू देलं, हेही माहीत आहे. तू नव्हती.

पण आज मांडव सोडून झाल्यावर फोन वाजला. अनोळखी नंबर. आरूच होती. म्हणली, 'आबा, मी नव्या आईच्या फोनवरून बोलते. पप्पा वावरात गेले, आजी देवळात.' मी म्हणलं, 'बोल.' ती म्हणली, 'तो मोज्याचा हात कोणाचा होता?'

मी विचारलं, 'तुले कायले पाह्यजे?'

तिनं फोन बाजूले धरला. तिच्या मागून हळू आवाज आला, बाईचा, तरणा. 'गाडीतल्या डाक्टरचाच का, विचार. अन् गाडी कशी होती, विचार.'

मी म्हणलं, 'फोन तिच्याजवळ दे.'

अन् सांगितलं, वच्छले. सारं सांगितलं. मग म्हणलं, 'बाई, सकाळच्या जीपनं निघ. आरूले घे. माझी ओसरी रिकामी आहे, अन् या खेपेले मी कोणाले बसमध्ये बसवणार नाही.'